चटईखालचा बाप

सावाई, ११ जानेवारी १९८२

फुआतीनो ताई,

इकडे सगळे धडधाकट आहेत, देवाची दया. तू पाठवलेला बिस्किटांचा डबा पोचला. अर्धा पाळकांकडे दिला आणि उरलेला पोरांनी कधी फस्त केला ते कळलंच नाही. नीरफणस यंदा एवढा लागलाय की डुकरंसुद्धा तोंड फिरवतात.

एक गोष्ट आधीच कानावर घालतो, नाहीतर आपियाच्या बाजारात कुणीतरी तिखटमीठ लावून तुला सांगेलच. आपली मोएलागी गेल्या सोमवारी संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजल्यावर रस्त्यावर सापडली. शंख वाजल्यावर गावात कुत्रंही हलत नाही, आणि माझ्यासारख्या चर्चच्या डीकनची सोळा वर्षांची मुलगी एकटी शेजारच्या गावाकडून चालत येते! कुठे होतीस म्हणून विचारलं तर खाली मान. पंचांनी मला दंड केला. ताई, मी स्वतः त्या पंचांत बसतो. आजवर मी लोकांना दंड केला, त्या दिवशी लोकांनी मला केला.

कुणा पोराची भानगड असणार, दुसरं काय. वळण लागावं एवढी शिक्षा केली. आता बाईसाहेब रुसून मुसू होऊन बसल्या आहेत. झाडलोट करते, चूल पेटवते, पाणी भरते, पण तोंडाला कुलूप. जेवायलाही आमच्यात बसत नाही. आपणही लहानपणी असेच फुगायचो. आठवड्यात उतरेल.

तुझा भाऊ,
लाफाएले

*

आपिया, १५ जानेवारी

लाफाएले,

बिस्किटं पोरांसाठी होती, पाळकांसाठी नाही. त्यांची ढेरी मी ख्रिसमसला पाहिली आहे.

पत्र दोनदा वाचलं. शिक्षा केली म्हणतोस, काय केली ते लिहीत नाहीस. तुझ्यासारखा माणूस डुकराच्या पिलाचा रंगसुद्धा लिहितो, मग हेच कसं विसरलास?

आपण फुगायचो म्हणतोस. फुगायचो, पण मग कुठे जायचो ते आठव. अण्णांनी तुला मासेमारीच्या वल्ह्याने बडवलं होतं, तेव्हा तू मामाकडे निघून गेलास. तीन महिने तिथे खाल्लंस, झोपलास, मामीच्या कोंबड्या पळवल्यास. मग मामा तुला घेऊन आला आणि अण्णांनी काही झालंच नाही असं दाखवलं. आपल्याकडे रागावलेल्या लेकराला दुसरं एक घर असायचं. आता मामाचं घर बंद आहे, पोरं सगळी ऑकलंडला. तुझ्या पोरीने फुगून जायचं कुठे? एकाच छपराखाली, तुझ्याच समोर?

तिला माझ्याकडे पाठव. हॉटेलच्या धोबीखान्यात मला हाताखाली कुणीतरी हवंच आहे असं लोकांना सांग.

आणि एक विचारते. आई वारली, आपली आसेनाती, तेव्हा ही पोर नऊ वर्षांची होती. तुझ्या पाठीला पाठ लावल्याशिवाय तिला झोप यायची नाही. माशाच्या गालाचा तुकडा तू तिच्या तोंडात घालायचास, पाहुण्यांसमोर सुद्धा. आता हुकूम सोडून तू तिच्याशी शेवटचं कधी बोललास?

फुआतीनो

*

सावाई, २० जानेवारी

ताई,

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तू शहरात राहतेस. इथे मला रोज सकाळी लोकांच्या डोळ्यांसमोरून चालावं लागतं. आत्ता तिला पाठवली तर गाव काय म्हणेल ते तुला मी सांगायला नको. पोटुशी होती म्हणून आपियाला धाडली म्हणतील. आणि वयात आलेल्या मुलीशी बापाने काय गप्पा मारायच्या? आसेनाती असती तर ती बोलली असती. मी बाप आहे, मी पोटाला घालतो आणि वळण लावतो.

पण तुझी काळजी मिटावी म्हणून आनंदाची बातमी देतो. पोर सुधारते आहे. रविवारचा आपला पांढरा झगा तिने चुलत बहिणीला देऊन टाकला, कोणी न सांगता. आईच्या शिंपल्यांच्या माळाही वाटून टाकल्या. काल संध्याकाळी आपण होऊन माझ्याजवळ बसली आणि माझ्या पायाला तेल चोळलं, बराच वेळ. बोलली नाही, पण किती शांत झाली आहे म्हणून सांगू! पाळकही म्हणाले, लाफाएले, तुझ्या शिक्षेला फळ आलं.

तेव्हा आता तू उगाच राईचा पर्वत करू नकोस.

लाफाएले

*

आपिया, २७ जानेवारी

लाफाएले,

शोधत असशील तर थांब. ती माझ्याकडे आहे. सोमवारच्या बोटीने आली, मग बसने. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. मला वाटलं उन्हासाठी. घरात आल्यावर मी ते सोडलं.

अरे, काय केलंस तू हे? कमरेपर्यंत केस होते पोरीचे! आसेनाती रोज तेल लावून विंचरायची ते केस. जागोजागी कातरलेत, टाळू दिसते आहे. मी विचारत होते ना, शिक्षा काय केलीस? घरच्या सगळ्यांसमोर, पाळकांच्या बायकोला बोलावून? लिहायची लाज वाटली, पण करायची वाटली नाही.

आणि आता ऐक, ती कुठे गेली होती. त्या सोमवारी रेडिओवर कॉलेजच्या प्रवेशाची यादी वाचणार होते. आपल्या घरच्या रेडिओची बॅटरी संपलेली. ती शेजारच्या गावातल्या दुकानात जाऊन उभी राहिली. यादी दोनदा वाचली. तिचं नाव नव्हतं. तू तर चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगून बसला होतास, माझी मुलगी नर्स होणार. ती समुद्राकाठी बसून राहिली, घरी काय सांगू म्हणून. शंख वाजला तेव्हा उठली. हीच तुझी पोराची भानगड!

इथे थोडं थोडं खाते. काल कपडे वाळत घालताना माझ्या एका विनोदावर हसली, मग लगेच तोंडावर हात ठेवला. झगा आणि माळा वाटून टाकल्याचं तू आनंदाने लिहिलंस, ते मला अजिबात आवडलेलं नाही. माणूस लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखं सामान का वाटेल?

ईस्टरपर्यंत तिला माझ्याकडे राहू दे. कुणाला पाठवू नकोस. यायचं तर तू स्वतः ये.

फुआतीनो

*

सावाई, १ फेब्रुवारी

ताई,

रेडिओचं मला ठाऊक नव्हतं. तिने सांगायला हवं होतं.

हे पत्र सापोलूंच्या हाती देत आहे. सोबत दोन भाजलेली डुकरं आणि अळूच्या कंदांची टोपली आहे. सापोलू आपल्या सगळ्या घराण्याच्या वतीने बोलतील. मुलीला त्यांच्याबरोबर पाठव. नव्या चर्चचं उद्घाटन येत्या रविवारी आहे, माझ्या घरचं माणूस त्या दिवशी कमी असलेलं चालणार नाही. मी तिला काही बोलणार नाही, हा माझा शब्द.

घराण्याच्या वक्त्याला कुणी रिकाम्या हाताने परत पाठवलेलं आपल्या सात पिढ्यांत झालेलं नाही. हे मी तुला सांगावं असं नाही.

लाफाएले

*

आपिया, १५ फेब्रुवारी

लाफाएले,

डॉक्टर म्हणतात ती वाचेल. हे आधी लिहिते, कारण तू बाकीचं वाचणार नाहीस.

तिने काय केलं ते मी कागदावर उतरवणार नाही. तू पाहिलंस. तूच तिला खांद्यावर टाकून बोटीत घेऊन आलास, इस्पितळाच्या दारापर्यंत पळत आलास. मग तिने डोळे उघडले, तुला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं, आणि तू उठून दुपारच्या बोटीने परत गेलास. तुला ओरडायला मी मागे धावले होते, पण तुझी चाल बघून दारातच थांबले. म्हातारा झालास एका दिवसात.

सगळा दोष तुझा म्हणून मोकळी होणार होते. पण खोटं लिहायचं नाही. त्या दिवशी सापोलू माझ्या बैठकीत तासभर बोलले. काय बोलले रे! आपले आजे-पणजे, कुठली होडी कुठे लागली, कुणी कुणाला जमीन दिली. भाची द्या असा शब्दसुद्धा त्यांनी उच्चारला नाही, इतकं सुंदर बोलले. मी आपली मान डोलावत होते. मोएलागी मागच्या स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "आत्या, मी सगळे कपडे धुईन, भांडी घाशीन. मला इथेच राहू दे." मी तिला म्हटलं, "श्श, मोठे बोलताहेत."

मोठे बोलताहेत! सापोलूंचं मन मोडू नये म्हणून मी ही पोर त्यांच्या टोपलीत घातली, डुकराच्या बदल्यात. सातव्या दिवशी तू तिला घेऊन बोटीत होतास. तुला कुणी हे शिकवलं नाही, पण मला तरी कळायला हवं होतं.

इथे एक नर्सबाई आहे, टोंगाची. ती म्हणाली, तिला एकटी सोडू नका, एक मिनिटही. जे धोक्याचं असेल ते घरातून काढून टाका. आणि तिला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का म्हणून. मी म्हटलं, बाई, विचारून उलट डोक्यात नाही का भरणार? ती म्हणाली, ते आधीच डोक्यात आहे, तुम्ही विचारलंत तर ती त्यात एकटी राहणार नाही एवढंच.

मी विचारलं. तिने माझा हात धरला, तो सोडलाच नाही.

फुआतीनो

*

सावाई, २० फेब्रुवारी

ताई,

चार वेळा कागद घेतला.

इथे लोक येतात आणि म्हणतात, पोरीने घराण्याचं नाक कापलं. पाळक म्हणाले रविवारी मी पुढच्या बाकावर बसू नये, काही दिवस. मी बसत नाही. जातच नाही.

ती माझ्या पायाला तेल चोळत होती तेव्हा निरोप घेत होती. मला ते आता कळतं. मी डोळे मिटून बसलो होतो, म्हटलं आली ताळ्यावर. एकदा तिच्या डोक्यावर हात ठेवायचा मनात आलं होतं. पण डोक्यावर केस नव्हते, आणि ते मीच कापले होते, म्हणून नाही ठेवला.

तू विचारलं होतंस, हुकूम सोडून तिच्याशी शेवटचं कधी बोललो. मी खूप आठवलं. तिला बारावं लागलं, तेव्हा मावश्या म्हणाल्या आता ती मोठी झाली, बापाने अंतर ठेवावं. मी ठेवलं. मला वाटायचं माझी माया तिला ठाऊक आहे. ती कुठून ठाऊक असणार?

ताई, दुसऱ्या घराचं आपल्या हातून नुकसान झालं, रक्त सांडलं, तर काय करायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घरातली सगळ्यात बारीक विणीची चटई डोक्यावरून घ्यायची आणि त्यांच्या दारात मान खाली घालून बसायचं. त्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर जे काय व्हायचं ते होतं. पण स्वतःच्या लेकराचं वाटोळं केलं तर काय करायचं? सापोलूंना विचारलं, एवढं सगळं ज्यांना पाठ आहे. ते म्हणाले, लाफाएले, बापाने लेकरापुढे बसायचं असं कुठे ऐकलंय का? जगबुडी होईल.

तू सांग.

लाफाएले

*

आपिया, २४ फेब्रुवारी

लाफाएले,

जगबुडी व्हायची ती झाली आपल्या घरात. आणखी काय बुडणार?

तिला कालच माझ्या घरी आणलं. मी धोबीखान्यातून सुट्टी घेतली आहे, शेजारची पोरगी दुपारी येऊन बसते. सुऱ्या, दोऱ्या, फवारणीचं औषध, सगळं मी पाळकांकडे नेऊन ठेवलं आहे. तिकडचे नाही, इकडचे. हे जरा बरे आहेत.

बसायचं तर येऊन बस. सापोलूंना आणू नकोस, डुक्कर आणू नकोस, भाषण करू नकोस. ती बाहेर येईल असं मी वचन देत नाही. ती अजून माझ्याशीसुद्धा बोललेली नाही.

फुआतीनो

*

आपिया, ६ मार्च

लाफाएले,

काल तू चटईखाली होतास, म्हणून तुला काही दिसलं नाही. मी सगळं पाहिलं. ते तुला सांगते, नाहीतर तू आपल्या मनाने काहीतरी भलतंच धरून बसशील. बसला असशीलच.

तू उजाडता उजाडता आलास, तेव्हा ती जागी होती. खिडकीच्या काचपट्ट्या तिने दोन बोटांनी उघडल्या. तू अंगणाच्या मधोमध बसलास, चटई डोक्यावरून ओढलीस. तिने एकदम माझा दंड धरला. किती घट्ट धरला ते सांगते, आज वळ आहे. ती म्हणाली, "हे बाबा आहेत?" एकोणीस दिवसांनी बोलली ती, लाफाएले. मी हो म्हटलं.

मग ती खिडकीशीच बसली. गल्लीतली माणसं कुंपणाशी जमली, तू ऐकलं असशील. एका बाईने मोठ्याने विचारलं, कुणाचा खून केला याने. मोएलागी म्हणाली, "आत्या, त्यांना हाकलून दे." मी केरसुणी घेऊन गेले आणि हाकललं. तुला वाटलं असेल मी चिडले. मला तिने पाठवलं होतं.

दहाच्या सुमारास म्हणाली, "त्यांना मांडी घालून एवढं बसवत नाही. त्यांचा डावा गुडघा दुखतो." बारा वाजता ऊन डोक्यावर आलं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग, अर्थात. नारळ फोडायला कोयता नव्हता, तर तिने पेल्यात पाणी ओतलं, लिंबू पिळलं, साखर घातली, ढवळलं. चव घेऊन पाहिली. मग दाराशी आली आणि उभी राहिली. थोडं पाणी सांडलं. पुढे पाय टाकेना. शेवटी पेला माझ्या हातात दिला आणि पळत आत गेली.

तो पेला मी तुझ्या चटईखाली सरकवला. तू म्हणालास, "देव तुझं भलं करो, ताई." मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिच्यासमोर सांगावं की न सांगावं मला कळेना. लिंबूपाणी माझं नव्हतं.

चार वाजता तू आपणच चटई काढलीस. उठताना पडलास. चटईची घडी केलीस, माझ्याकडे पाहून म्हणालास, "कळलं मला." आणि बोटीला गेलास. काय कळलं रे तुला? काही कळलं नाही!

तू कोपऱ्यावर वळेपर्यंत ती पाहत होती. मग बाहेर आली. पहिल्यांदा, स्वतःहून. तू बसला होतास तिथे गवत दबलेलं होतं, तिथे ती बसली, तुझ्यासारखीच मांडी घालून. बऱ्याच वेळाने तिने मला विचारलं, "परत येतील का?"

मी तिला खोटं सांगणार नव्हते, आता कधीच सांगणार नाही. मी म्हटलं, मला माहीत नाही, विचारून सांगते. विचारते आहे.

फुआतीनो

*

सावाई, ९ मार्च

मोएलागी,

तुला मी कधी पत्र लिहिलेलं नाही. कसं लिहायचं असतं तेही माहीत नाही. पोरांना बाहेर घालवून लिहितो आहे.

आत्याचं पत्र काल आलं. मी येणार आहे. शुक्रवारी सकाळी. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही, आणि त्याच्याही. पंचांच्या बैठका शुक्रवारीच असतात, त्यांना मी सांगून आलो की माझी जागा दुसऱ्याला द्या.

मी त्या दिवशी उठून गेलो, ते तू चटई उचलली नाहीस म्हणून. मला वाटलं, तुला मी नको आहे. मला तेवढंच समजतं, उचलली की नाही उचलली. पाणी तुझं होतं ते मला कळलं नाही. गोड होतं, मी सगळं प्यायलो.

केस मी रागाने नाही कापले. लोक हसतील म्हणून कापले. रागाने कापले असते तरी बरं होतं, निदान ते तुझं-माझं राहिलं असतं. मी लोकांसाठी तुझ्या डोक्याला कात्री लावली. ते चूक होतं. तू कुठे गेली होतीस ते मी नीट विचारायला हवं होतं, आणि तू यादीत नसलीस तर नसलीस. मला नर्स नको आहे.

आता एक विचारतो. तोंडाने विचारायला गेलो तर हुकमासारखं येईल, म्हणून लिहून विचारतो. तुला अजून मरावंसं वाटतं का? वाटत असेल तर मला सांग. मी ओरडणार नाही, पाळकांना सांगणार नाही, रडलो तर तुझ्यासमोर रडेन. आत्ताच्या आत्ता सांगायचं नसेल तर आत्याला सांग, पण एकटीच मनात ठेवू नकोस.

शुक्रवारी मी चटई आणणार नाही. सापोलू म्हणाले, चटईशिवाय बसणं म्हणजे काही अर्थच नाही त्याला. नसेल. पण चटईखाली मला तू दिसत नाहीस. मी उघड्या डोक्याने बसेन, खिडकीकडे तोंड करून. तू बाहेर यायला हवंस असं नाही. आतूनच बघ.

तुझा,
बाबा